कादंबरीचं प्रकरण

माझं कादंबरीशी प्रकरण चालू आहे, ही गोष्ट तेलीबागेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. दूधवाल्याला होती, इस्त्रीवाल्याला होती, समोरच्या घरातल्या आजींना तर तारीखवार होती. कळायचं राहिलं होतं ते मला एकट्याला.

तेलीबागेत मी कसा पोहोचलो ते आधी सांगायला हवं. १९२६ साली विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानं लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झालं आणि उत्तर हिंदुस्थानाला गाणं शिकवायची सोय एका मराठी माणसानं केली. त्या संस्थेला आज त्यांचंच नाव आहे. पुढे १९६० साली अलाहाबादचे धर्मवीर भारती 'धर्मयुग'चे संपादक म्हणून मुंबईला आले. म्हणजे देवघेव बरोबरीत होती. मग २०१९ च्या पावसाळ्यात कऱ्हाडहून माझी लखनौला बदली झाली, आणि उत्तर प्रदेशाला जी खोट आली ती अजून भरून निघालेली नाही.

नोकरी बँकेतली, वय एक्कावन्न, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, बायको आईजवळ कऱ्हाडात. मी एक ट्रंक, एक प्रेशर कुकर आणि एक गठ्ठा घेऊन निघालो. गठ्ठ्याकडे नंतर येतो. छावणी ओलांडून रायबरेली रोडला लागलं की तेलीबाग येते. नावावरून मी मनाशी तेलाचे घाणे, आमराई, पाणवठ्यावर घागरी असं सगळं मांडून ठेवलं होतं. प्रत्यक्षात पॅथॉलॉजी लॅब, कोचिंग क्लास, 'प्लॉट ही प्लॉट'च्या पाट्या आणि पुढे पीजीआयच्या मोठ्या इस्पितळाकडे धावणाऱ्या रुग्णवाहिका. फौजेतून निवृत्त झालेल्यांची दुमजली घरं, आणि फाटकावर नावाआधी हुद्दा. आमच्या फाटकावर सुभेदार होतं. वरच्या मजल्यावर मी, आणि गच्चीवरच्या खोलीत स्पर्धापरीक्षा देणारा एक मुलगा, रायबरेलीकडच्या कुठल्या खेड्यातला.

माझं हिंदी कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर आणि विविध भारतीवर घडलेलं. पहिल्याच दिवशी सुभेदारांच्या पत्नीला मी आदरानं 'बाई' म्हणालो. आमच्याकडे शाळेत शिकवते ती बाई, घर सांभाळते ती बाई, देवीसुद्धा बाई. लखनौत हे बिरुद कुठल्या माडीवरच्या नावाला लागायचं, ते मला सुभेदारांच्या हातातला चहाचा कप ज्या पद्धतीनं बशीत टेकला त्यावरून कळलं. त्या दिवसापासून त्या 'अम्मा' झाल्या. त्या माझ्याहून सहाच वर्षांनी मोठ्या होत्या, पण वाद घालण्याची ती वेळ नव्हती.

आता गठ्ठा. त्याला जबाबदार चंद्रकांत काकोडकर. आमच्या पिढीत ज्यांनी त्यांना वाचलं त्यांतल्या अर्ध्यांनी ते कबूल केलेलं नाही. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयात दोषी ठरले आणि १९६९ साली थेट सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. ही बातमी आमच्या घरी पोहोचली नसावी. कारण मी नववीत असतानाही आई काकोडकर तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवायची, आणि महिनाअखेरीला तांदूळ उतरला की मला सापडायचे. माझं प्रेमाचं सगळं शिक्षण असं महिनाअखेरचं आहे. पानांना तांदळाच्या पिठीचा वास यायचा. अजूनही आंबेमोहोर शिजत असला की मला कुणीतरी श्रीमंत मुलगी आठवते.

तर अकरा वर्षांपासून मी एक प्रेमकथा लिहीत होतो. गरीब मुलगा, श्रीमंत मुलगी, मधे समाज. आधी ती कऱ्हाडात घडत होती, मग पुण्यात. लखनौची बदली झाल्यावर मी तिला उचलून तिथे नेलं: मुलगा तेलीबागेतला, पदवीधर, ई-रिक्षा चालवणारा, मुलगी गोमती नगरातली, बिल्डरची एकुलती एक. बाणभट्टाचे प्रेमिक एकमेकांसाठी जन्म ओलांडतात. माझ्या नायकाला गोमती ओलांडायची होती, तीही जमेना. अभ्यासासाठी मी एका रविवारी स्वतः ई-रिक्षा आणि टेम्पो बदलत गोमती नगरात गेलो. तिथल्या बहुतेक सगळ्या खंडांची नावं 'वि'वरून: विनयखंड, विनीतखंड, विरामखंड, विवेकखंड, विपुलखंड. विनयखंडात जायचं तर मी विनीतखंडात होतो. दोन तास फिरलो. एका बंगल्यासमोर उभा राहून वहीत फाटकाची उंची टिपत होतो, तर चौकीदारानं विचारलं, 'किससे मिलना है?' मी खरं तेच सांगितलं, 'अभी तय नहीं किया.' त्यानं आत फोन लावला आणि मी विरामखंडाकडे पळालो.

आणि आता गुन्हा. माझा समज असा की कादंबरी हा संस्कृत शब्द आहे, तेव्हा हिंदीत चालणारच. 'उपन्यास' मला माहीत होता. पण आमच्याकडे न्यास म्हणजे ट्रस्ट, आणि उप म्हणजे हाताखालचा. उपन्यास म्हटलं की मला ट्रस्टचं तालुक्याचं ऑफिस डोळ्यांपुढे यायचं. अकरा वर्षांच्या तपश्चर्येला मी ते नाव कसं देणार? आणि हिंदी मुलखात कादंबरी हे बाईमाणसाचं नाव आहे, एवढंच आणि फक्त एवढंच, हे मला कुणी सांगितलं नाही.

एका सकाळी अम्मा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, 'भइया, रात दो-दो बजे तक बत्ती जलती है आपकी.'

मी म्हणालो, 'हाँ अम्मा, कादंबरी को लेकर बैठता हूँ.'

हे वाक्य मी पुढे कितीतरी रात्री आठवून पाहिलं आहे. मराठीत ते किती निष्पाप आहे!

अम्मांनी जिन्याचा कठडा धरला. 'कब से?'

'ग्यारह साल हो गये. तीन बार छोड़ दी, लेकिन रहा नहीं जाता.'

'और घर में? बहू को मालूम है?'

'सब मालूम है. कहती है छोड़ दो, बदनामी होगी.' (ती 'हसं होईल' म्हणाली होती. त्याला नेमकं हिंदी मला सुचलं नाही.)

अम्मा सुस्कारा टाकून गेल्या. मला वाटलं, वाङ्मयाविषयी या घरात आस्था आहे. म्हणून संध्याकाळी सुभेदारांनी विषय काढला तेव्हा मी मोकळेपणानं बोललो. सांगितलं की सध्या तिसरं प्रकरण चालू आहे, एकूण अठरा करायची आहेत. 'अठारह!' सुभेदार म्हणाले. हेही सांगितलं की पुण्याच्या एका गृहस्थांना दिली होती, त्यांनी सहा महिने ठेवून घेतली आणि परत केली. म्हणाले, फार जाड आहे.

सुभेदार बराच वेळ गेटकडे पाहत राहिले. तीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला लाजलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून वर पराठे यायला लागले. आधी भाडं तेवढं वेळेवर मागणारी माणसं आता माझ्या तब्येतीची चौकशी करत होती. गच्चीवरचा मुलगा, जो मला बघून न बघितल्यासारखं करायचा, तो जिन्यात बाजूला होऊन वाट देऊ लागला. त्यानं आपणहून मला धर्मवीर भारतींचं 'गुनाहों का देवता' आणून दिलं. १९४९ ची कादंबरी (पाहा, इथेही मला दुसरा शब्द सुचत नाही), अलाहाबादेतली. प्रोफेसरांच्या आधारानं शिकणारा गरीब चंदर आणि त्यांची मुलगी सुधा. मुलगा म्हणाला, 'सर, आपके काम आयेगी.' मला वाटलं, एक लेखक दुसऱ्या लेखकाला ओळखतो तसं काहीतरी आहे.

मग एका रविवारी सुभेदारांनी गच्चीवर खुर्च्या टाकल्या. विचारलं, 'लड़की वाले कौन लोग हैं?' मी वही काढली. वर्गभेदावर असा जाणता माणूस समोरून बोलतोय म्हटल्यावर कोण सोडेल! म्हणालो, 'बहुत बड़े लोग. बाप बिल्डर. और लड़का देखो तो क्या, कुछ भी नहीं.'

सुभेदारांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. 'अपने को इतना छोटा मत समझिए.'

मी ते टिपून घेतलं. पुढचं सगळं टिपून घेतलं. मुलाचं स्वतःचं घर आहे का? नाही, भाड्याचं. गावाकडे? भावांत वाटणी व्हायची आहे. सुभेदारांनी मान हलवली. म्हणाले, जोवर रजिस्ट्री आपल्या नावावर नाही तोवर ते लोक खुर्चीवर बसासुद्धा म्हणायचे नाहीत. गोमती नगरात तर निम्मे लोक स्वतःच भाड्यानं राहतात, पण त्यांचा पत्ता बोलतो. तेलीबागेत आमचा पंधराशे फुटांचा प्लॉट स्वतःचा आहे, तरी साडूंच्या घरी लग्नपत्रिकेवर पत्ता घालताना 'निअर कँट' घातलं होतं. मी या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. शेवटी ते उठले आणि म्हणाले, 'कहिए तो हम चलें बात करने. वर्दी वाले की बात लोग सुन लेते हैं.' मी वहीत लिहिलं: 'प्रेमळ घरमालकाचं पात्र घालावं. विनोदासाठी उपयोग.'

त्या वहीतली ही ओळ आता वाचवत नाही.

अम्मांचं वेगळंच चाललं होतं. त्यांचा सगळ्यांत आवडता सिनेमा 'मैं तुलसी तेरे आंगन की', १९७८ चा. ठाकूर, त्याचं कोठ्यावरच्या तुळशीवरचं प्रेम, आणि सगळं पोटात घालणारी त्याची बायको नूतन. त्या बोलता बोलता रडायच्या. मी एकदा अभिमानानं सांगितलं की हा सिनेमा आमच्या काकोडकरांच्या 'अशी तुझी प्रीत'वरून काढला आहे. राजेश खन्नाचा 'दो रास्ते'ही त्यांच्याच 'नीलांबरी'वरून. माझे शब्द असे होते: 'अम्मा, दोनों पिक्चर मराठी कादंबरी पर बने हैं.'

'दोनों?' अम्मा म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी बायको यायची ठरली. पुष्पक एक्स्प्रेसनं, कल्याणहून. मी सकाळी दाढीबिढी करून चारबाग स्टेशनवर हजर. ती इमारत इतकी देखणी आहे की माणूस गाडीची पाटी बघायचं विसरतो. घुमट, कमानी, बागेत लावावी तशी रांगेत लावलेली शिखरं. पुष्पक तिथे येत नाही. ती शेजारच्या लखनौ जंक्शनला येते, ज्याला लोक अजून 'छोटी लाइन' म्हणतात. मीटरगेज गेलं, नाव राहिलं. एका आवारात मांडीला मांडी लावून दोन स्टेशनं, आणि एक मोठं, एक छोटं. मी प्रेमातल्या दरीवर अकरा वर्षं लिहीत होतो आणि ही मला दिसली नव्हती. फोनवर ती म्हणत होती, 'मी स्टेशनवर आहे.' मी म्हणत होतो, 'मीपण.' पाऊण तास असा संवाद झाल्यावर तिनं फोन ठेवला, रिक्षा केली आणि माझ्याआधी तेलीबाग गाठली.

मी पोहोचलो तेव्हा ती अम्मांच्या तख्तावर बसून खस्ता कचोरी खात होती. अम्मांनी तिचा डावा हात दोन्ही हातांत धरला होता. सुभेदार खिडकीशी पाठ करून उभे. गच्चीवरचा मुलगा शेवटच्या पायरीवर.

'अहो,' बायको म्हणाली, 'कादंबरी आहे म्हणे तुमची इथे.'

तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलत नव्हती. तिला पहिल्या मिनिटातच सगळं कळलं होतं. पण अकरा वर्षांत हिशेब चुकता करायची अशी संधी तिला मिळाली नव्हती, आणि ती तिनं पाऊण तास उपभोगली. तिनं अम्मांना विचारलं होतं, दिसायला कशी आहे? अम्मा म्हणाल्या, आम्ही पाहिली नाही, रात्रीची असते. मग हिनं आपलं दुःख सांगितलं: पगारातले पैसेही तिच्यापायी जातात, सुट्टीत कुठे जाता येत नाही, एकदा तर वैतागून मी तिला दोरीनं बांधून माळ्यावर टाकली होती, यांनी रात्री शिडी लावून उतरवली. अम्मांना नूतनकडून ही अपेक्षा नव्हती. तरी त्या म्हणाल्या, 'बहू, दिल बड़ा रखो.'

मी वर गेलो, गठ्ठा आणला आणि तख्तावर ठेवला. सुतळीत बांधलेले सहाशे कागद.

'ये है,' बायको म्हणाली.

मला वाटलं होतं हशा पिकेल. कुणी हसलं नाही. सुभेदारांनी वरचा कागद उचलला, उलटा-सुलटा केला. 'तो ये... उपन्यास है?'

'हाँ.'

'बस?'

त्या 'बस'चा विसर पडायला मला दुसरी बदली घ्यावी लागेल. मी पुष्कळ खुलासा केला. म्हणालो, बाणभट्टाच्या नायिकेचं नाव कादंबरी. मराठीनं आणि कानडीनं तेच उचलून साऱ्या वाङ्मयप्रकाराला दिलं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली म्हणतात, ती १८५७ ची. १८५७ म्हटल्यावर सुभेदारांनी मान वर केली. त्यांना वाटलं मी रेसिडेन्सीच्या वेढ्याबद्दल बोलणार. मी नाही बोललो, तेव्हा ते उठून टाकीचं पाणी बघायला गेले. अम्मा तर चक्क रुसल्या. दोन महिने त्या माझ्यासाठी कुढल्या होत्या, गल्लीतल्या तोंडाळ बायकांपुढे त्यांनी माझी बाजू घेतली होती, 'उम्र का क्या है, दिल ही तो है' असं म्हणाल्या होत्या. आणि आत निघाला काय, तर कागद. दुसऱ्या दिवसापासून पराठे बंद झाले.

बायकोनंच तोडगा काढला. म्हणाली, यांना निदान वाचून तरी दाखवा. तेव्हा भाऊबीजेच्या संध्याकाळी मी पहिलं प्रकरण हिंदी करत करत वाचलं. नायक पहिल्यांदा बंगल्यात येतो. झुंबर. कुत्रा. जिन्यावरून मुलीचे वडील रेशमी गाऊनमध्ये, तोंडात पाइप धरून उतरतात आणि म्हणतात, तुझी लायकी काय?

'गाऊन क्यों?' सुभेदारांनी विचारलं. 'पीजीआई में भर्ती है?'

अम्मांनी विचारलं, मुलगा आला तर त्याला पाणी का दिलं नाही? शत्रू आला तरी पाणी देतात. आणि तो ई-रिक्षा कुठे लावून आला? बॅटरी चोरीला जाते.

मी सारखा कागद खालीवर करत होतो. तेवढ्यात गच्चीवरचा मुलगा उठला. चपलेचा अंगठा तुटला होता, तो पायानं सारखा करत, खाली बघतच म्हणाला, 'सर, लड़की के पापा ऐसा कुछ नहीं बोलते. बहुत प्यार से चाय पिलाते हैं. फिर पूछते हैं, बेटा, पापा क्या करते हैं?'

आणि जिना चढून वर गेला. अम्मांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या रात्री पराठे पुन्हा आले, पण ते वरच्या मजल्यावर न थांबता गच्चीवर गेले.

ते वाक्य मी तसंच्या तसं घातलं. सहाशे पानांत चांगलं म्हणावं असं तेवढं एक वाक्य आहे, आणि ते माझं नाही. त्यासाठी गाऊन, पाइप आणि कुत्रा काढावा लागला. ते काढल्यावर दुसरं आणि तिसरं प्रकरण आपोआप पडलं.

पुढे मी कऱ्हाडला परत आलो. बाणभट्टाची कादंबरी त्याच्या हातून अपुरी राहिली होती. ती त्याच्या मुलानं पुरी केली. मी हे आमच्या चिरंजिवांना दोन-तीनदा सुचवून पाहिलं. तो आता पुण्यात लिफ्टच्या कंपनीत आहे. गेल्या गणपतीत आला तेव्हा त्यानं बारा पानं वाचली आणि विचारलं, 'बाबा, हा दिवसभर त्या मुलीच्या मागे असतो, मग रिक्षाचे हप्ते कोण भरतं?'

गठ्ठा सध्या माळ्यावर आहे. शिडी शेजाऱ्यांनी नेली आहे.